दरपत्रक

कंपनीनं आमची दुपार बत्तीस मिनिटं अलीकडे ओढली
तेव्हा घड्याळाच्या काट्यावर बोट माझंच होतं.
सूर्य अजून पवनचक्कीमागे रेंगाळत होता
आणि टॅल्बट स्टेशनात बारा वाजले.
कुणी हसलं नाही.
बोझेना ह्रुश्का एवढंच म्हणाली,
"माझ्या कोंबड्यांना कोण सांगणार?"

मी तिकिटं फाडतो, तारा घेतो, वजनं करतो.
टोपीवर पितळी बिल्ला. महिना चाळीस डॉलर,
वर एक खोली, आणि मोजून दिलेला कोळसा.

सात वर्षांनी, या हिवाळ्यात, नवं दरपत्रक आलं.
भिंतीवर ठोकलं. चार कोपरे, चार खिळे.
मका, शिकागोपर्यंत, बुशेलला सतरा सेंट.
मक्याचा भाव बारा.
पुन्हा वाचलं; तारेत चुका होतात कधीकधी.
ही चूक नव्हती.
आमच्याहून शंभर मैल लांबच्या गावाला मात्र चौदा,
कारण तिथे दुसऱ्या कंपनीचेही रूळ आहेत.
आमच्याकडे शिट्टी एकच.

व्हाक्लाव ह्रुश्का उजाडायच्या आत आला,
दोन खेचरं, मिशीत बर्फ, गाडीभर मका.
इंग्रजी त्याला वाचता येत नाही.
मी वाचून दाखवलं.
त्यानं गाडीच्या फळीवर खडूनं हिशेब मांडला,
पुसला, पुन्हा मांडला.
"म्हणजे मका माझा,
आणि वर बुशेलमागे पाच सेंटही मीच द्यायचे?"
मी म्हणालो, "मी फक्त लावतो. ठरवत नाही."
हे वाक्य मला झोपेतही पाठ आहे.

याच वाक्यावर फिनबार टली हसला होता,
उजवा हात टॉवेलात गुंडाळून.
दोन डब्यांच्या मध्ये खीळ घालताना
तीन बोटं गेली.
कागद माझ्याच टेबलावर आला होता:
चूक माझी, कंपनीकडे मागणं नाही.
त्यानं डाव्या हातानं फुली मारली.
फुलीचे पंधरा डॉलर.
बोटं मी शोधली नाहीत.
कुत्र्यानं शोधली.

रविवारी ह्रुश्कांकडे गेलो.
गवताच्या ढेकळांचं घर, छतातून मुळं लोंबणारी,
आणि आत वास असा, की वाटावं सण आहे.
चुलीत मका जळत होता.
दाणे फुटत होते,
धाकटी पोर प्रत्येक आवाजाला टाळी वाजवत होती.
बोझेना एकेक कणीस नीट सोलून आत सारत होती,
जळायलाही कुणी नीटनेटकंच जावं तशी.
व्हाक्लाव म्हणाला,
"कोळसा तुमच्या गाडीनं येतो. त्याचंही भाडं.
हे दारात उगवतं."
मला कॉफी दिली.
तीही त्याच जाळावर उकळलेली.
मी प्यालो. चांगली होती.
हे सांगायला नको होतं, पण चांगली होती.

परतलो तर तार:
टॅल्बटहून डबे रिकामे का? कारण कळवा.
बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसलो.
मग एकच शब्द पाठवला.
थंडी.

बुधवारी माझा कोळसा संपला.
दारात एक पोतं होतं, कुणी ठेवलं ते विचारलं नाही.
आता स्टेशनच्या शेगडीतही तोच वास,
आणि दरपत्रक एका कोपऱ्यातून
उबेनं पिवळं पडत चाललंय.

नऊ-चाळीसची गाडी येते, काही न भरता उभी राहते.
फिनबारला आता फाटकावर ठेवलंय,
लाल कंदील देऊन.
तो तो डाव्या हातात धरतो,
धरायला हवा त्याहून जरा जास्त वेळ.
इंजिन फुसफुसतं. गार्ड शिव्या देतो.
मी खिडकीतून बघतो,
घड्याळाकडे पाठ करून.